एशर आणि अल्हंब्राची भिंत

प्रवासाहून परतलेला चित्रकार ‘अमुक वास्तूने मला प्रेरणा दिली’ असे सांगू लागला की मी जरा सावध होतो. वास्तू कुणाला काही देत नसते. ती उभी असते. येणारे येतात, जाणारे जातात. एखादा जगप्रसिद्ध महाल पाहून आलेल्या लाखो माणसांपैकी बहुतेकांच्या पदरात तेथून काय पडते? चार छायाचित्रे आणि पायांत आलेले गोळे. तेव्हा खरा प्रश्न असा की, ज्याला काही मिळाले त्याने ते घेतले कसे, आणि जे घेतले ते त्या वास्तूत खरोखर होते काय? ह्या प्रश्नाची तड लावू पाहणाऱ्याला मॉरिट्स कॉर्नेलिस एशर (१८९८–१९७२) ह्या डच मुद्राचित्रकाराइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. कारण स्पेनमधल्या ग्रानाडा येथील अल्हंब्रा राजवाड्यात तो चौदा वर्षांच्या अंतराने दोनदा गेला. पहिल्या खेपेला जवळजवळ रिकाम्या हाताने परतला; दुसऱ्या खेपेला जे घेऊन आला त्यावर पुढचे सारे आयुष्य जगला. भिंती दोन्ही वेळा त्याच होत्या.

त्या भिंती कशा आहेत हे आधी सांगायला हवे. अल्-हम्रा म्हणजे तांबडी. ग्रानाडाच्या टेकडीवर १२३८ पासून नस्री सुलतानांनी बांधायला घेतलेला हा किल्लेवजा राजवाडा बाहेरून ओबडधोबड, तांबूस मातीच्या रंगाचा दिसतो. आत शिरल्यावर मात्र बोटभर जागा कोरी सापडत नाही. आज आपण जे पाहतो ते बहुतांशी चौदाव्या शतकातले, पहिला यूसुफ आणि त्याचा मुलगा पाचवा मुहम्मद ह्यांच्या काळातले. माथ्यावर लाकडी छताची गुंतागुंत, मध्ये गिलाव्यात कोरलेल्या वेलबुट्ट्या आणि अरबी लिपीतील ओळी, आणि खाली, बसलेल्या माणसाची पाठ टेकेल एवढ्या उंचीपर्यंत, रंगीत फरशांची नक्षी. आपला संबंध ह्या खालच्या पट्ट्याशी आहे.

ह्या फरशा साच्यातून काढलेल्या नाहीत, किंवा त्यांच्यावर कुंचल्याने चित्रेही रंगवलेली नाहीत. एका रंगाची झिलई देऊन भाजलेली फरशी घ्यायची, तिच्यावर आकार आखायचा, छिन्नी-हातोडीने तेवढाच तुकडा टिपून काढायचा आणि असे असंख्य तुकडे एकमेकांत बसवायचे, असा हा खटाटोप आहे. त्यातला एक तुकडा फार प्रसिद्ध आहे. तीन बाजू सारख्या असलेला त्रिकोण कल्पावा. त्याच्या प्रत्येक बाजूचे दोन भाग करावेत. एका भागाला बाहेर फुगवटा द्यावा आणि दुसऱ्या भागाला तेवढाच आत खोलगा. झाले: तीन पात्यांचे एक भिंगरीसारखे रूप तयार होते. जेवढे बाहेर काढले तेवढेच आत घेतले असल्यामुळे एकाचा फुगवटा शेजाऱ्याच्या खोलग्यात नेमका बसतो आणि भिंतीवर कुठेही फट राहत नाही. सचोटीच्या माणसाच्या जमाखर्चाच्या वहीसारखा हा प्रकार आहे. दमडीची तूट नाही, दमडीची शिल्लक नाही. स्पेनमधले लोक ह्या तुकड्याला ‘पाहारीता’ म्हणतात, म्हणजे छोटे पाखरू. चौकोनातून निघालेल्या अशाच दुसऱ्या एका तुकड्याला ते ‘हाडूक’ म्हणतात. ही नावे लक्षात ठेवावीत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

१९२२ च्या ऑक्टोबरात चोवीस वर्षांचा एशर येथे प्रथम आला तेव्हा तो हार्लेमच्या कलाशाळेतून नुकताच बाहेर पडलेला होता. वास्तुकला शिकायला म्हणून तो तेथे गेला आणि साम्युएल येसुरुन द मेस्कीता ह्या गुरूमुळे लाकडी ठसे कोरण्याकडे वळला. (हा गुरू ज्यू होता. १९४४ साली नाझींनी त्याला पकडून नेले आणि आउशविट्झच्या छळछावणीत त्याचा अंत झाला.) गंमत अशी की अल्हंब्रा पाहण्याच्या आधीच, त्याच वर्षी, एशरने ‘आठ चेहरे’ नावाचा एक लाकूडठसा केला होता. चार पुरुषांची आणि चार बायकांची डोकी, काही सुलट, काही उलट, एकमेकांना इतकी चिकटून की मध्ये पार्श्वभूमी म्हणून काही उरतच नाही. म्हणजे बीज आधीचेच. ग्रानाडात त्याने एका नक्षीची काळजीपूर्वक नक्कल केली आणि तो पुढच्या गावाला निघून गेला. १९२६ च्या सुमारास प्राण्यांच्या आकृत्या अशाच एकमेकांत गुंतवून त्याने कापडावर छापून पाहिल्या. कुणी फारसे विचारले नाही. त्याने तो नाद सोडला आणि दहा वर्षे इटलीतल्या डोंगरकड्यांवरची गावे तो कोरत राहिला. कास्त्रोवाल्व्हा (१९३०), आत्रानी (१९३१) ही त्या काळातली चित्रे पाहिली की वाटते, ह्या माणसाला डोळ्यांपुढे निसर्ग असताना भिंतीवरच्या फरशांची गरजच काय होती?

गरज पुढे पडली. फॅसिस्ट राजवटीचा जाच घरातल्या मुलापर्यंत येऊन पोचला तेव्हा १९३५ साली एशरने रोम सोडले आणि तो स्वित्झर्लंडमध्ये जाऊन राहिला. तेथल्या बर्फाचा त्याला वीट आला. इटलीचे ऊन, तो समुद्र, ती एकावर एक चढलेली घरे, ज्यांच्यावर त्याची सारी कला पोसली होती ते सगळे एका फटक्यासरशी गेले. अशा उपाशी अवस्थेत १९३६ च्या वसंतात तो भूमध्य समुद्राच्या सफरीवर निघाला, आणि तीही एका बोटकंपनीला तिकिटाच्या मोबदल्यात मुद्राचित्रे देण्याचा करार करून. मे महिन्याच्या अखेरीस तो पत्नी येटासह पुन्हा अल्हंब्रात आला. ह्या वेळी दोघे नवराबायको दिवसचे दिवस भिंतींसमोर बसून नक्षी उतरवून घेत होती. पुढे दोन महिन्यांच्या आत स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले.

नक्कल हा शब्द आपल्या टीकेत शिवीसारखा वापरला जातो. अमक्यावर तमक्याचे अनुकरण केल्याचा आरोप आला की तो बिचारा ‘नाही, नाही, केवळ प्रेरणा घेतली’ म्हणून कान पकडतो. जणू प्रेरणा ही सोवळी आणि नक्कल ही ओवळी. एशरचे उदाहरण नेमके ह्याच्या उलट बोलते. पहिल्या भेटीत प्रेरणा होती म्हणायला हरकत नाही, पण तिने काही घडले नाही. दुसऱ्या भेटीत नक्कल होती, आणि तिने सगळे घडवले.

ह्यात हाताचा वाटा किती असतो ते मला माझ्याच फजितीतून कळले. ग्रानाडाला मी गेलो तेव्हा आत शिरण्याची वेळ तिकिटावरच छापलेली होती. मागून लोटणाऱ्या गर्दीत भिंतीपुढे बूड टेकणे शक्य नव्हते. मी आपली छायाचित्रे घेतली आणि संध्याकाळी मुक्कामावर त्यातले ते ‘पाखरू’ कागदावर काढायला बसलो. एक पाखरू जमले. त्याला लागून दुसरे जमले. सहाव्याच्या आसपास फट पडली आणि नवव्याला पाय ठेवायला जागा उरली नाही. रात्री उशिरा उमगले की मी उलट्या टोकाने चाललो होतो. पाखरापासून सुरुवात करायचीच नसते. ज्या बिंदूंभोवती ती फिरतात ते बिंदू आधी मांडायचे असतात. आणि मग लाजच वाटली, कारण आमची आई दिवाळीत अंगणात रांगोळी घालताना पहिल्याने ठिपकेच तर मांडत असे. ठिपके चुकले की ती मोडून पुन्हा मांडी. रेघ चुकली तर नुसती हसून बोटाने पुसून टाकी.

एशरच्या हाताला हेच ठिपके सापडले. १९३७ मध्ये तो ब्रसेल्सजवळ राहायला गेला. त्याचा सावत्र भाऊ बेरेंड लायडन येथे भूशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याने ही चित्रे पाहिली आणि ‘स्फटिकशास्त्राची नियतकालिके चाळून पाहा’ असे सुचवले. तेथे एशरला गणितज्ञ जॉर्ज पोल्या ह्यांचा १९२४ चा लेख मिळाला. सपाट पृष्ठावर एखादी आकृती सरकवून, फिरवून, उलटवून पुनःपुन्हा मांडायची झाली तर त्या मांडणीचे सतराच प्रकार संभवतात, असा त्याचा विषय, आणि सोबत प्रत्येक प्रकाराचा एकेक नमुना. गणित एशरला शाळेपासूनच वैऱ्यासारखे. लेखातले प्रमेय त्याच्या डोक्यावरून गेले. पण नमुने त्याने वहीत उतरवून घेतले. पुन्हा नक्कल! (हे सतराही प्रकार अल्हंब्रात आहेत की नाहीत ह्यावर गणितज्ञांत पुढे बराच वाद झाला. चौदाव्या शतकातल्या कारागिराला तो ऐकू आला असता तर त्याने काय म्हटले असते, कोण जाणे.)

एशरच्या शंभर वर्षे आधी ह्याच भिंतींसमोर आणखी एक प्रवासी असाच बसला होता. ओवेन जोन्स हा तरुण इंग्रज वास्तुकार १८३४ साली झ्यूल गूरी ह्या फ्रेंच मित्रासह येथे आला. गूरी कॉलऱ्याने ग्रानाडातच वारला. जोन्सने काम पुरे केले, रंगीत शिळाछापाचे तंत्र त्यासाठी हस्तगत केले आणि १८४२ ते १८४५ च्या दरम्यान अल्हंब्रावरचा भव्य ग्रंथ छापून काढला. पुढे १८५६ च्या ‘ग्रामर ऑफ ऑर्नमेंट’मध्ये त्याने अलंकरणाची सदतीस सूत्रेच सांगून टाकली. जुन्या रूपांची नक्कल करू नका, त्यांच्यामागचा नियम घ्या, असे तो कानीकपाळी ओरडत होता. आणि झाले काय? १८५४ मध्ये सिडनहॅमच्या काचमहालात त्याने स्वतःच अल्हंब्रातल्या सिंहांच्या चौकाची प्रतिकृती उभारली, आणि युरोपभर नाटकगृहांना अन् धूम्रपानाच्या दालनांना मूरिश कमानींची साथ लागली. नियम सांगणाऱ्याच्या हातून रूप पसरले. रूपाची मुकाट्याने नक्कल करणाऱ्याच्या हाती नियम लागला. तो काचमहाल १९३६ च्या नोव्हेंबरात जळाला, म्हणजे एशरच्या दुसऱ्या भेटीच्या वर्षीच, हा निव्वळ योगायोग.

पण नियम हाती लागला म्हणजे अल्हंब्रा हाती लागला काय? येथे माझा एशरशी वाद आहे. १९५८ साली त्याने पृष्ठाच्या नियमबद्ध विभागणीवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात ह्या मूर कारागिरांना तो गुरुस्थानी मानतो, पण त्यांच्या धर्माने सजीवांच्या आकृत्या वर्ज्य केल्या आणि ते नुसत्या भूमितीत अडकून पडले ह्याची हळहळही व्यक्त करतो. म्हणजे गुरूचे काम अर्धे राहिले, ते शिष्याने पुरे केले, अशी त्याची समजूत.

ही समजूत तपासून घ्यायला हवी. ह्याच राजवाड्यात दगडाचे बारा सिंह पाठीवर कारंजे घेऊन उभे आहेत. त्यांच्याच चौकाला लागून असलेल्या राजांच्या दालनात, छताला लावलेल्या कातड्यावर, चक्क माणसे रंगवलेली आहेत. तेव्हा कारागिराला प्राणी माहीत नव्हता, किंवा त्याचा हात बांधलेला होता, एवढ्याने भागत नाही. फरशांच्या पट्ट्यात त्याने प्राणी आणला नाही, कारण तेथे त्याला तो नको होता. तेथे त्याला कशाचेही चित्र नको होते. त्या तुकड्याकडे पाहताना आपल्याला ‘हे काय आहे?’ असा प्रश्न पडावा आणि त्याला उत्तर नसावे, ह्यातच त्या भिंतीची शांती आहे. मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार करताना लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन तत्त्वे मांडली. ती पटोत न पटोत, ह्या भिंतीपुढे उभे राहिले की दुसरी भाषा सुचत नाही. कारण येथे लयीवाचून दुसरे काही नाहीच. हिरव्याला काळा विरोध करतो, काळ्याला पांढरा सावरतो, आणि कोणता तुकडा आकृती आणि कोणता पार्श्वभूमी हे डोळा ठरवू शकत नाही. ठरवण्याचे त्याला कारणही पडत नाही.

माणसाला मात्र हे फार वेळ सोसत नाही. तो नाव ठेवतो. कुणी म्हणतो पाखरू, कुणी म्हणतो हाडूक. एशरने केले ते ह्याच जातीचे. फक्त गाइडाने जे तोंडाने केले ते त्याने कोरणीने केले. त्याने त्या तुकड्याला चोच दिली, डोळा दिला, पंख दिले. आणि एकदा डोळा आला की सारेच बदलते. आता प्रेक्षकाला पांढरी पाखरे तरी दिसतात किंवा काळी तरी; दोन्ही एकदम नाहीत. भिंतीवर जे स्वस्थ होते ते कागदावर सारखे हेलकावू लागते. गुरूच्या अर्धवट कामाची ही पूर्ती नव्हे. हे दुसरेच काम आहे. एशरने अल्हंब्राचा चुकीचा अर्थ लावला आणि त्या चुकीतून त्याची कला निघाली, असे मी म्हणेन. ह्यात त्याला कमीपणा नाही.

मात्र चूक नेहमीच फळत नाही, हेही सांगितले पाहिजे. आयुष्यभरात त्याने अशा विभागणीची १३७ चित्रे क्रमांक घालून वह्यांत काढली. त्यातल्या कित्येक पानांवर प्राणी कोंबून बसवल्यासारखे वाटतात. ह्या जनावराचा पाय असा का मुडपलेला? तर शेजाऱ्याच्या पाठीला तेथे खाच हवी म्हणून. हे चातुर्य झाले. कोडे सुटल्याचा आनंद देऊन ते संपते. भिंतीवरच्या तुकड्याला आपल्या वळणाचे समर्थन करावे लागत नाही; सरड्याला करावे लागते.

जेथे एशर कोडे सोडवून थांबत नाही, तेथे तो मोठा होतो. ‘दिवस आणि रात्र’ (१९३८) घ्या. खाली शेतांचे शंकरपाळ्यासारखे तुकडे आहेत. ते वर चढता चढता फुगतात, कडा मऊ होतात, आणि पाखरे होऊन उडू लागतात. काळी डावीकडे दिवसात, पांढरी उजवीकडे रात्रीत. दोन्ही बाजूंना तेच गाव, तीच नदी, जणू आरशात पाहिलेली. येथे नाव ठेवण्याची क्रियाच चित्राचा विषय झाली आहे: माती कोणत्या क्षणी पाखरू झाली, हे बोट ठेवून दाखवता येत नाही. ‘सरडे’ (१९४३) ह्या शिळाछापात टेबलावर त्याचीच वही उघडी पडलेली आहे. कागदावरल्या नक्षीतून एक सरडा अंग सोडवून घेतो, पुस्तकावर चढतो, गुण्या ओलांडतो, बारा तोंडांच्या घनाकृतीवर उभा राहून नाकपुड्यांतून फुत्कार सोडतो आणि पलीकडून उतरून पुन्हा नक्षीत सपाट होऊन पडतो. एका बाईंना ह्यात पुनर्जन्म दिसला. एशरने तुम्हाला दिसतो तर असेल, अशा अर्थाचे उत्तर दिले म्हणतात. मला त्यात अल्हंब्राची कबुली दिसते. जिवंत झालेल्या जनावराला शेवटी परत जायला ती सपाट भिंतच हवी आहे.

आणि इटली? ती गेली नव्हती. ‘रूपांतर दोन’ (१९३९–४०) ह्या सुमारे चार मीटर लांबीच्या पट्टीत शब्दांतून चौकटी, चौकटींतून सरडे, सरड्यांतून षट्कोन, षट्कोनांतून मधमाश्या, मासे, पाखरे असा प्रवाह वाहतो, आणि अकस्मात त्या घनाकृतींतून समुद्रकाठचे एक गाव उभे राहते. ते आत्रानी आहे. गमावलेले गाव फरशांच्या वाटेने घरी आले. त्याचा एक बुरूज पाण्यात उतरून बुद्धिबळाचा हत्ती होतो, आणि पटाच्या घरांतून पुन्हा पहिल्या शब्दांकडे वाट जाते.

ही पट्टी वर्तुळासारखी परत फिरवण्याची युक्ती एशरला का करावी लागली? कारण न संपणारी नक्षी कुठे संपवायची हा प्रश्न त्याला छळत होता. कागदाची कड आली की सरडा मधोमध कापला जातो, आणि कापलेला सरडा पाहवत नाही. अनेक वर्षे तो ह्याच्या मागे होता. अखेर कॉक्सिटर ह्या गणितज्ञाने पाठवलेल्या एका लेखातली आकृती त्याच्या नजरेस पडली, आणि १९५८ ते १९६० च्या दरम्यान ‘वर्तुळमर्यादा’ नावाची चार चित्रे झाली. तिसऱ्या चित्रात रंगीत मासे मध्यापासून रांगेने निघतात आणि कडेकडे जाताना लहान, आणखी लहान, दिसेनासे होतात. कडेवर कुणी कापला जात नाही.

अल्हंब्रात मी ती कड मुद्दाम पाहिली. कोमारेसच्या दालनात पट्टा वर संपतो तेथे पायऱ्यापायऱ्यांच्या कंगोऱ्यांची एक ओळ आहे. दाराशी एक साधी उभी किनार. किनारीला टेकलेले शेवटचे तुकडे मधूनच छाटलेले आहेत, कुठे निम्मे, कुठे पाव. कारागिराने दार आले तेथे छिन्नी चालवली आणि तो पलीकडच्या भिंतीला लागला.